मंडाताई, माझं फूल दे

एका गच्चीवर एक कुंडी. कुंडीत एक वेल. वेलीवर एक कळी. आणि कळीसमोर एक टिलू.

टिलू म्हणजे शिंजीर. शिंजीर म्हणजे पाखरू. केवढं पाखरू? तुझ्या मुठीत मावेल एवढं. अंग जांभळं, चमचम चमचम. चोच लांब आणि वाकडी. पोट बोराएवढं, आणि भूक भोपळ्याएवढी.

वेलीचं नाव मंडेविला. हे नाव घरातल्या म्हाताऱ्या तात्यांच्या कवळीत अडकायचं. म्हणून तात्या तिला मंडाताई म्हणायचे. मग सगळेच मंडाताई म्हणायला लागले.

मंडाताईने टिलूला कबूल केलं होतं, "कळी फुलली की पहिला घोट तुझा."

मग काय. टिलू रोज यायचा. भुर्र भुर्र, फिर्र फिर्र. कळीकडे बघायचा. पहिल्या दिवशी कळी मिटलेली. दुसऱ्या दिवशीही कळी मिटलेली. तिसऱ्या दिवशी कळी जराशी गुलाबी. चौथ्या दिवशी टिलूने सकाळपासून काही खाल्लंच नाही. म्हणाला, "आज नुसता मध प्यायचा." त्याने चोच पुसली. मान वर केली. आ केला.

आणि कळी पडली. टुप्प.

फुललीच नाही. मिटलेली होती, मिटलेलीच पडली. टिलूचा आ तसाच राहिला.

"मंडाताई, मंडाताई, कळी का टाकलीस? माझं फूल दे."

मंडाताईची पानं पिवळी झाली होती. मान खाली गेली होती. ती म्हणाली, "कसं देऊ रे टिलू? माझे पाय पाण्यात. पचपच पचपच. पाय गारठले, पानं पिवळी पडली. कुंडीमावशी पाणी सोडेल, तर मी फूल देईन."

टिलू निघाला. भुर्र भुर्र, फिर्र फिर्र. फार लांब जावं लागलं नाही. कुंडी तिथेच खाली होती.

कुंडीमावशी गोल गोल. पोट पाण्याने टम्म.

"का रे टिलू, चोच का लोंबते?"

टिलू म्हणाला, "काय सांगू मावशी?
वेल फूल देईना,
माझ्या चोचीला मध मिळेना.
तू पाणी सोड ना."

कुंडीमावशी म्हणाली, "सोडेन रे. का नाही सोडणार? पण माझ्या बुडाला भोक आहे, ते चिखलाने बुजलंय. गांडूळदादा वाट मोकळी करेल, तर मी पाणी सोडेन."

टिलू निघाला. भुर्र भुर्र, फिर्र फिर्र.

गांडूळदादा कुंडीच्या काठावर बसला होता. ओला चिंब. मातीत राहायची सोयच उरली नव्हती.

"का रे टिलू, चोच का लोंबते?"

टिलू म्हणाला, "काय सांगू दादा?
कुंडी पाणी सोडेना,
वेल फूल देईना,
माझ्या चोचीला मध मिळेना.
तू वाट मोकळी कर ना."

गांडूळदादा म्हणाला, "करेन रे. का नाही करणार? पण मी खाली गेलो, की वरून पाणी. धबा धबा धबा. मला पोहता येत नाही. तात्या थांबतील, तर मी वाट मोकळी करेन."

टिलू निघाला. भुर्र भुर्र, फिर्र फिर्र.

तात्या गच्चीच्या कठड्याशी उभे होते. हातात तांब्या. तोंड सूर्याकडे. तात्या रोज सकाळी सूर्याला पाणी द्यायचे. हात उंच करायचे, धार सोडायचे. आणि धार पडायची कुठे? बरोबर मंडाताईच्या कुंडीत. धबा धबा धबा.

"का रे टिलू, चोच का लोंबते?"

टिलू म्हणाला, "काय सांगू तात्या?
गांडूळ वाट काढेना,
कुंडी पाणी सोडेना,
वेल फूल देईना,
माझ्या चोचीला मध मिळेना.
तुम्ही थांबा ना."

"वा," तात्या म्हणाले. "चाल छान आहे. पुन्हा म्हण."

टिलूने पुन्हा म्हटलं. तात्यांनी तांब्यावर ठेका धरला. टण टण टण.

"पण तात्या, थांबा ना. ती बुडते आहे."

"बुडते? अरे, पान बघ तिचं. पिवळं पडलंय. तहानली असणार बिचारी. थांब, आणखी एक तांब्या घालतो."

धबा धबा धबा. मंडाताई म्हणाली, "गुळुक."

तात्या म्हणाले, "शिवाय हे सूर्याला दिलेलं पाणी. ते पायदळी येऊ देऊ का मी? पूर्वी घंगाळ होतं, त्यात धार सोडायचो. आता नाही, म्हणून कुंडीत सोडतो. घंगाळ येईल, तर मी थांबेन."

टिलू निघाला. भुर्र भुर्र, फिर्र फिर्र.

घंगाळ म्हणजे पितळेचं मोठं भांडं. पूर्वी आंघोळीचं गरम पाणी त्यात काढायचे. मग घरात गीझर आला आणि घंगाळ गच्चीवर गेलं. आता ते टाकीखाली, सावलीत बसून असायचं. बोलायचं तेव्हा घुमायचं.

"का रे टिलू, चोच का लोंबते? घुम्म."

टिलू म्हणाला, "काय सांगू काका?
तात्या काही थांबेनात,
गांडूळ वाट काढेना,
कुंडी पाणी सोडेना,
वेल फूल देईना,
माझ्या चोचीला मध मिळेना.
तुम्ही जागचे हला ना."

घंगाळकाका म्हणाले, "हलेन रे. का नाही हलणार? घुम्म. पण माझ्या पोटात बघ कोण आहे ते. बोका उठेल, तर मी हलेन."

टिलूने वाकून बघितलं.

आत बोका होता. जाडा, पिवळा, गोल गुंडाळलेला. एक मिशी हलत होती. टिलू टुणकन मागे सरला. बोका म्हणजे पाखरांचा काळ, हे टिलूला त्याच्या आईने अंड्यात असल्यापासून सांगितलं होतं.

पण मध हवा होता. फार हवा होता. टिलू टाकीवर बसला. अगदी उंच. आणि तिथूनच म्हणाला, "बोकोबा?"

बोक्याने एक डोळा उघडला. "का रे टिलू, चोच का लोंबते? लांबून दिसत नाही. जवळ ये."

"इथूनच सांगतो," टिलू म्हणाला. आणि त्याने भरभर भरभर सांगितलं,
"घंगाळ जागचं हलेना,
तात्या काही थांबेनात,
गांडूळ वाट काढेना,
कुंडी पाणी सोडेना,
वेल फूल देईना,
माझ्या चोचीला मध मिळेना.
तुम्ही झोपेतून उठा ना."

बोका म्हणाला, "उठेन की. का नाही उठणार? पण उठून झोपू कुठे? माझी गोधडी त्या दोरीवर. इथे पितळ टोचतं, पण काय करणार? गोधडी उतरेल, तर मी उठेन." आणि त्याने डोळा मिटला.

टिलू निघाला. भुर्र भुर्र, फिर्र फिर्र. आता जरा जास्तच भुर्र.

गोधडी दोरीवर लोंबत होती. लाल तुकडा, निळा तुकडा, आजीच्या लुगड्याचा तुकडा.

"का रे टिलू, चोच का लोंबते? मी लोंबते ते ठीक. तू का?"

टिलू म्हणाला, "काय सांगू गोधडीआजी?
बोका झोपेतून उठेना,
घंगाळ जागचं हलेना,
तात्या काही थांबेनात,
गांडूळ वाट काढेना,
कुंडी पाणी सोडेना,
वेल फूल देईना,
माझ्या चोचीला मध मिळेना.
तू दोरीवरून उतर ना."

गोधडीआजी म्हणाली, "उतरेन रे. का नाही उतरणार? परवाच वाळले मी. पण या चिमट्याने माझा कान धरलाय. चिमटा तोंड उघडेल, तर मी उतरेन."

टिलू निघाला. निघाला म्हणजे काय, नुसती मान वळवली. चिमटा तिथेच होता.

"का ले तिलू, चोच का लोंबते?" चिमटा म्हणाला. त्याच्या तोंडात गोधडीचा कान होता ना. त्याला नीट बोलता येत नव्हतं.

टिलू म्हणाला, "काय सांगू चिमटेराव?
गोधडी दोरीवरून उतरेना,
बोका झोपेतून उठेना,
घंगाळ जागचं हलेना,
तात्या काही थांबेनात,
गांडूळ वाट काढेना,
कुंडी पाणी सोडेना,
वेल फूल देईना,
माझ्या चोचीला मध मिळेना.
तुम्ही तोंड उघडा ना."

चिमटा म्हणाला, "उघदेन ले. का नाही उघदनाल? पन मी गंजलोय. कुर्र कुर्र. आत्या तेल देईल, तल मी तोंद उघदेन."

टिलू निघाला. भुर्र भुर्र, फिर्र फिर्र. आता त्याला धाप लागली होती.

वत्सूआत्या म्हणजे तात्यांची बहीण. ती उन्हात पाट टाकून बसली होती. पुढे आरसा. बाजूला खोबरेल तेलाची वाटी. तिने केस विंचरले होते. मोठ्ठा अंबाडा घातला होता. आणि आरशात बघून नाक मुरडत होती.

"का रे टिलू, चोच का लोंबते?"

टिलूने मोठा श्वास घेतला.

"काय सांगू आत्या?
चिमटा तोंड उघडेना,
गोधडी दोरीवरून उतरेना,
बोका झोपेतून उठेना,
घंगाळ जागचं हलेना,
तात्या काही थांबेनात,
गांडूळ वाट काढेना,
कुंडी पाणी सोडेना,
वेल फूल देईना,
माझ्या चोचीला मध मिळेना.
तू तेल दे ना. एकच थेंब."

आत्या आरशातच बघत होती. म्हणाली, "देईन रे. का नाही देणार? पण माझा अंबाडा बघ. रिकामा. मला भाजीला जायचंय. फूल खोवल्याशिवाय मी कधी बाहेर पडत नाही. मंडाताई फूल देईल, तर मी तेल देईन."

"बरं," टिलू म्हणाला. "आत्ता जातो."

टिलू निघाला. भुर्र भुर्र, फिर्र फिर्र. मंडाताईकडे निघाला.

आणि मध्येच थांबला.

मंडाताईकडे? पण मंडाताई म्हणते कुंडी. कुंडी म्हणते गांडूळ. गांडूळ म्हणतो तात्या. तात्या म्हणतात घंगाळ. घंगाळ म्हणतं बोका. बोका म्हणतो गोधडी. गोधडी म्हणते चिमटा. चिमटा म्हणतो आत्या. आणि आत्या म्हणते मंडाताई.

टिलू गोल फिरला. पुन्हा गोल फिरला. गोल गोल गोल. त्याला घेरी आली. तो धप्पकन आत्याच्या आरशासमोर पडला.

आता टिलूला रडू आलं. खोटं खोटं नाही, अगदी खरं. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. सगळे "देईन रे" म्हणत होते, आणि देत कुणीच नव्हतं.

रडता रडता त्याने वर बघितलं. समोर कुणीतरी होतं. जांभळं. चमचम चमचम.

"कोण रे तू?" टिलू म्हणाला. "माझं फूल घ्यायला आलास?" आणि त्याने चोच मारली. टक टक टक.

त्यानेही चोच मारली. टक टक टक.

"अरे, तो तूच आहेस," आत्या म्हणाली. "आरसा आहे तो. फोडशील."

टिलूने नीट बघितलं. डावीकडून बघितलं. उजवीकडून बघितलं. ऊन पडलं की अंग जांभळं दिसत होतं. मान वळवली की निळं दिसत होतं. वा. काय पण सुंदर.

टिलूचं रडू थांबलं.

"आत्या," तो म्हणाला, "मंडाताईचं फूल येईपर्यंत मीच फूल झालो तर?"

"म्हणजे?"

"मी तुझ्या अंबाड्यात बसतो. तू भाजीला जा. रोज सकाळी बसेन. मंडाताईचं फूल आलं की ते तू घे."

आत्या हसली. तिने मान वाकवली. टिलू टुणकन अंबाड्यात बसला. एक पंख असा. एक पंख तसा. चोच केसांत लपवली. आत्याने आरशात बघितलं. पुढून बघितलं. मागून बघितलं.

"शोभतोस," ती म्हणाली.

आणि मग काय झालं?

आत्याने तेल दिलं. एक थेंब.
चिमट्याने तोंड उघडलं. कुर्र, खट्. पहिलं वाक्य स्वच्छ बोलला, "हुश्श, तोंड दुखलं."
गोधडी दोरीवरून उतरली. सळ्ळ, धप्प.
बोका झोपेतून उठला. चार पावलं चालला. गोधडीवर पडला. झोपला.
घंगाळ जागचं हललं. तात्यांनी ओढलं. घर्र घर्र, घुम्म.
तात्या थांबले. दुसऱ्या दिवशी सूर्याला पाणी दिलं, ते घंगाळात.
गांडुळाने वाट काढली. वळ वळ वळ.
कुंडीने पाणी सोडलं. बुड बुड सर्र.
आणि वेलीने फूल दिलं.

दिलं का? नाही दिलं. फूल काय असं लगेच येतं? आधी मंडाताईचे पाय वाळले. मग पिवळी पानं गळली. मग एक नवं पान आलं, हिरवंगार. मंडाताईने मान वर केली. काठीला धरून चढायला लागली.

तात्या आता रोज मातीत बोट घालायचे. बोट बाहेर काढायचे. चष्मा लावून बघायचे. आणि म्हणायचे,
"बोट ओलं, तांब्या थांब.
बोट कोरडं, तांब्या ये."

कधी तांब्या थांबायचा. कधी तांब्या यायचा. मंडाताईला आता पोटापुरतंच पाणी मिळायचं.

आणि टिलू? टिलू रोज सकाळी अंबाड्यात. हलायचं नाही. बोलायचं नाही. शिंकायचं तर नाहीच. खोबरेल तेलाचा वास नाकात जायचा. टिलू शिंक गिळायचा.

मंडईत भाजीवाल्या शेवंताबाई म्हणाल्या, "आत्या, कुठलं वो फूल? आमच्या हितं कवा बघितलं न्हाई."

आत्या म्हणाली, "घरचंच आहे."

"वास कसला येतो त्याला?" शेवंताबाई वाकल्या. नाक जवळ आणलं. आणखी जवळ आणलं.

फूल म्हणालं, "आक्छी."

शेवंताबाईंच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. आत्याने वांगी पिशवीत टाकली आणि झपझप घरी आली. टिलू तिच्या डोक्यावर झोके खात होता. दोघंही रस्ताभर हसत होती.

असे किती दिवस गेले? पुष्कळ. दुपारी टिलूला सुट्टी असायची. तो शेजारच्या जास्वंदीवर जायचा. थोडं पोट भरायचा. पण जास्वंद ती जास्वंद. मंडाताईने कबूल केलेला घोट काही विसरता येत नव्हता.

मग कळी आली. मिटलेली कळी. मग गुलाबी कळी. मग गोल गोल पीळ असलेली मोठ्ठी कळी. टिलू अंबाड्यातून बघत होता. पडू नको गं. पडू नको गं.

कळी पडली नाही.

एका सकाळी पीळ सुटला. फूल उमललं. पाच पाकळ्या, गुलाबी गुलाबी. मधोमध पिवळा गळा. आणि गळ्यात, खोल आत, मध.

वेलीने फूल दिलं.

"आलं गं बाई माझं फूल," आत्या म्हणाली.

टिलूला धस्स झालं. माझं? म्हणजे आत्याचं?

हो. आत्याचंच. टिलूने स्वतःच सांगितलं होतं. फूल आलं की ते तू घे. आणि फूल होतं एकच. बोलताना टिलूने एवढा विचार केलाच नव्हता. पोट रिकामं असलं की असं होतं.

आत्याने हात पुढे केला. शब्द दिला म्हणजे दिला. टिलूने डोळे घट्ट मिटले. पण अंग काही ऐकेना. थरथर थरथर.

आत्याचा अंबाडा हलायला लागला. आत्या थांबली.

"का रे टिलू, थंडी वाजते?"

"नाही."

"मग चोच का लोंबते?"

टिलूने चोच केसांत खुपसली.

आत्या म्हणाली, "त्या दिवशी तू केवढी मोठी यादी सांगितलीस. चिमटा, गोधडी, बोका. मी मेली आरशात बघत होते. शेवटी काय म्हणाला होतास रे?"

टिलू अगदी हळू म्हणाला,
"माझ्या चोचीला मध मिळेना."

आत्याने हात मागे घेतला.

"पी," ती म्हणाली.

"पण तुझा अंबाडा?"

"अंबाडा राहील रिकामा. पोट रिकामं ठेवू नये, बाळा. जा, पी."

टिलू उडाला. भुर्र भुर्र, फिर्र फिर्र. फुलाच्या काठाला धरलं. वाकडी चोच आत घातली. खोल, खोल, आणखी खोल.

चुक् चुक् चुक्.

गोड. इतका गोड, की टिलूच्या शेपटीपर्यंत गोड.

आत्या पिशवी घेऊन भाजीला गेली. पहिल्यांदाच, रिकाम्या अंबाड्याने. शेवंताबाईंनी विचारलं, "आत्या, आज फूल कुठं गेलं?"

आत्या म्हणाली, "जेवतंय."

टिलूला ढेकर आली, गोष्ट पांघरुणात शिरली.